सध्या काय वाचताय, सर?

शाळेतून निवृत्त होऊन पंधरा वर्षं उलटून गेली, पण विष्णुपुरीच्या रस्त्यावर कोणी जुना विद्यार्थी भेटला की पहिला प्रश्न तब्येतीचा आणि दुसरा ठरलेला, "सध्या काय वाचताय, सर?"

पूर्वी मी चटकन एखाद्या पुस्तकाचं नाव सांगून मोकळा व्हायचो. हल्ली जरा अडखळतो. गेले सात-आठ महिने जे वाचतोय ते रस्त्यात उभं राहून सांगण्यासारखं नाही. नातवानेही फोनवर यादी मागितली आहे, "आजोबा, इतिहासाची पाच चांगली पुस्तकं सांगा." तर आज यादी देतो. पण आधी एक अट. यातलं कुठलंही पुस्तक एकटं वाचायचं नाही. जोडीनं वाचायचं.

म्हणजे काय ते सांगतो.

गावात बांधावरून दोन भावांचं भांडण झालं आणि तुम्ही फक्त धाकट्याचं ऐकून घरी आलात, तर धाकटा साधू आणि थोरला राक्षस ठरतो. थोरल्याकडे चहा प्यायला असता तर उलटं झालं असतं. बांध नेमका कुठे होता हे दोघांचं ऐकून, शिवाय शेजारच्या शेतकऱ्याला विचारूनच कळतं. इतिहासाचं पुस्तक हे असंच एका साक्षीदाराचं म्हणणं असतं. साक्षीदार प्रामाणिक असला तरी तो एका बाजूलाच उभा असतो. आपल्याकडे बहुतेक लोक आयुष्यभर एकाच भावाकडे चहा पितात. मीही तेच केलं, आणि त्यावर तीस वर्षं इतिहास शिकवला. म्हणून हे लिहायचा मला थोडा अधिकार आहे असं समजतो.

आपल्या दाराशीच असलेलं उदाहरण घेऊ, हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं.

बाहेरच्या वाचकांसाठी दोन ओळी. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा आमचा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात १६ जिल्हे, त्यातले तेलुगू ८, मराठी ५, कानडी ३. निजामाला भारतात यायचं नव्हतं. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारताशी 'जैसे थे' करार झाला, आणि त्या आडोशाने रझाकारांचा धुमाकूळ वाढत गेला. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी, लातूरला वकिली केलेला माणूस. अखेर १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने हात टेकले. आमच्याकडे जुनी माणसं या कारवाईला अजूनही 'पोलीस अ‍ॅक्शन'च म्हणतात. १७ सप्टेंबरला इकडे झेंडावंदन होतं. म्हणजे मराठवाड्याला स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा मिळालं.

आता पुस्तकं.

पहिलं, स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी. त्या १९६७ साली इंग्रजीत आल्या, मराठीतही आहेत. आमच्या विष्णुपुरीच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते हेच. विद्यापीठाच्या कमानीखालून रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल की स्वामीजी मुळात शाळामास्तर होते? हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरीत त्यांनी शिकवलं. देशभर तिरंगा चढत होता त्याच १५ ऑगस्टला निजामाच्या पोलिसांनी त्यांना अटक केली. पुस्तकात स्वतःची फुशारकी कुठेही नाही. एका मास्तराने एवढं राज्य हलवलं हे वाचताना दुसऱ्या मास्तराची मान ताठ होते, हे कबूल करतो. :)

दुसरं, अनंत भालेराव यांचं 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा'. भालेराव स्वतः लढ्यात होते, पुढे 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक. हे पुस्तक म्हणजे आमच्या भागाची वहीच आहे. अर्जापूरचे गोविंदराव पानसरे १९४६ साली मारले गेले, उमरीची बँक ३० जानेवारी १९४८ ला लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला गेला (तिकडे दिल्लीत गांधीजींचा खून झाला तोच हा दिवस), सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले. या लढ्याच्या अशा गोष्टी लहानपणी ओट्यावर ऐकल्या होत्या. त्या तारखांसह, नावांसह कागदावर बघायच्या असतील तर हे पुस्तक घ्या.

ही दोन माझ्या बाजूची पुस्तकं. माझ्या बाजूची म्हणजे अगदी घरातली. आमचं मूळ गाव हदगाव तालुक्यातलं. रझाकाराच्या काळात आजी-आजोबा पोरांना घेऊन रात्रीतून पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात उमरखेडला गेले. परत आले तेव्हा माळवदाची लाकडं जळून खाली आली होती आणि बळदातली ज्वारी गेली होती. हे सगळं खरं आहे. पुढे जे सांगणार आहे त्याने यातलं एक अक्षरही खोटं ठरत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण काही मंडळी इथूनच चिडायला लागतात.

या दोन पुस्तकांची जोडी कोणती?

नरहर कुरुंदकरांचं 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन'. कुरुंदकर आमच्या नांदेडचे. पीपल्स कॉलेजात त्यांनी शिकवलं, पुढे तिथेच प्राचार्य झाले, आणि १९८२ साली पन्नाशीही न गाठता गेले. मी तरुणपणी त्यांची व्याख्यानं ऐकली आहेत. घरी जाताना आपण कालपर्यंत जे ठामपणे बोलत होतो त्याची लाज वाटायची, आणि तरीही पुढच्या व्याख्यानाला जावंसं वाटायचं. या पुस्तकाच्या नावातच विचार आहे. १९४८ मध्ये विमोचन झालं, १९५६ मध्ये भाषेप्रमाणे तुकडे होऊन संस्थानाचं विसर्जन झालं. कुरुंदकर आपल्याच बाजूचे, पण आपली पाठ थोपटत नाहीत. इतिहास वाचायला शिकवणारा असा माणूस पुन्हा झाला नाही. 'श्रीमान योगी'ला त्यांची प्रस्तावना आहे, तीही वाचा. कादंबरी संपते तिथे इतिहासकाराचे प्रश्न सुरू होतात हे त्यातून कळतं. 'पानिपत' कादंबरी वाचणाऱ्याने शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' शेजारी ठेवावं, त्यातलाच हा प्रकार.

त्यानंतर सेतुमाधवराव पगडींचं आत्मचरित्र 'जीवनसेतू'. पगडी निलंग्याचे, जन्म १९१०. निजामाच्या सरकारात अधिकारी होते, आणि उर्दू, फारसीपासून गोंडीपर्यंत कितीतरी भाषा त्यांना येत होत्या. निजामाचं राज्य कचेरीच्या आतून कसं दिसत होतं हे सांगणारा मराठी माणूस दुर्मिळ. बांधाच्या दाखल्यातला तो शेजारचा शेतकरी म्हणजे हे पुस्तक.

आणि आता ज्या पुस्तकाने मला सात-आठ महिने बसवून ठेवलं ते. ए. जी. नूरानी यांचं 'द डिस्ट्रक्शन ऑफ हैदराबाद', २०१३ साली आलेलं. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, बी.ए.सुद्धा. इंग्रजी पुस्तक म्हणजे शेजारी शब्दकोश, दिवसाला चार पानं. नूरानी सुप्रीम कोर्टातले वकील (ते २०२४ साली वारले), आणि पुस्तकही वकिली थाटाचंच. पटेलांवर त्यांचा राग आहे आणि तो लपत नाही. बऱ्याच ठिकाणी मी पेन्सिलीने समासात "हे पटत नाही" असं लिहिलंय. पण पुस्तकाच्या शेवटी त्यांनी एक अहवाल छापला आहे, तो मात्र पटण्या न पटण्याच्या पलीकडचा.

पोलीस अ‍ॅक्शननंतर संस्थानात काय घडलं हे बघायला पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांचं एक मंडळ दिल्लीच्या सरकारने पाठवलं होतं. हे लोक २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ संस्थानात फिरले. १६ पैकी ९ जिल्ह्यांत गेले. जिथे जाता आलं नाही अशा १०९ गावांतल्या पाचशेहून अधिक माणसांशी बोलले. त्यांचा अंदाज असा की कारवाईच्या काळात आणि त्यानंतर सगळ्या संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. मारले गेले ते मुख्यतः मुसलमान. आणि ते काही रझाकारच होते असं नाही. सगळ्यात वाईट अवस्था चार जिल्ह्यांत होती, उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. या चारांतच १८ हजारांहून कमी नाहीत, असं ते म्हणतात.

ही नावं वाचून मी पुस्तक मिटलं. तेव्हा लातूर जिल्हा नव्हता, तो झाला १९८२ साली. लातूर होतं उस्मानाबाद जिल्ह्यात आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर बीदर जिल्ह्यात. म्हणजे आजच्या भाषेत धाराशिव, लातूर, नांदेड. म्हणजे आम्हीच.

हा आकडा अंदाजाचा आहे, मोजदाद करून काढलेला नाही. सरदार पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता. कितीतरी वर्षं तो लोकांसमोर आलाच नाही. आकड्यावर वाद घालणाऱ्यांनी जरूर घालावा. त्याच अहवालात हेही आहे की अनेक ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं. विणकरांनी तर आपल्या धंदाबंधूंसाठी जीवही दिले. म्हणजे साक्षीदार सरसकट एकाच रंगाने रंगवत नाहीत. म्हणून मला त्यांचं बाकीचंही ऐकावं लागतं.

आता दोन गोष्टी लिहितो. त्या कुठे लिहाव्यात हे बरेच दिवस ठरत नव्हतं.

पहिली. १९८० नंतरच्या एका वर्षी, १७ सप्टेंबरचं झेंडावंदन झाल्यावर मी नववीच्या वर्गात रझाकारांचे अत्याचार सांगत होतो. रंगून सांगत होतो, घरचीच कथा होती ना. मागच्या बाकावरचा एक मुसलमान मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, आमच्या आज्जाला बी तवाच मारलं. ते रझाकार नव्हते, कापड विणायचे. मग त्यांना कुणी मारलं?" वर्ग गप्प झाला. मी म्हणालो, "खाली बस. हे अभ्यासक्रमात नाही." तो बसला. नंतर वर्षभर त्याने हात वर केला नाही. उत्तर मला माहीत नव्हतं हे खरं. पण माहीत करून घ्यायचं नव्हतं, हे त्याहून खरं.

दुसरी. आमच्या घरात एक पितळी पानदान होतं, नक्षीचं, झाकणावर उर्दू अक्षरं कोरलेली. आजी त्यात सुपारी ठेवायची. लहानपणी मी विचारलं, हे आपल्याकडे कुठून आलं? आजी म्हणाली, "पोलीस अ‍ॅक्शनमधी आलं ते." झालं. पुढे मी पोरांना प्रयोग शिकवले, कर्ता, कर्म, क्रियापद शिकवलं. पण आजीच्या त्या वाक्यातला कर्ता कुठे गेला हे मला सत्तरीपर्यंत सुचलं नाही. पानदान काही चालत येत नाही. कुणीतरी आणतं, कुणाच्या तरी घरातून. माझे वडील निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकलेले. झाकणावर काय लिहिलंय हे त्यांना रोज वाचता येत होतं. ते कधी बोलले नाहीत आणि आम्ही कधी विचारलं नाही. नूरानींचं पुस्तक संपल्यावर मी ते पानदान माळ्यावरून काढलं, चिंचेने घासलं आणि उर्दू येणाऱ्या एका स्नेह्यांकडे घेऊन गेलो. त्यांनी वाचून दाखवलं. एका बाईचं नाव आहे. लग्नात भांड्यांवर नाव घालतात, तसं.

आमचं घर जाळलं गेलं आणि आमच्याच घरात दुसऱ्याचं पानदान आलं. या दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या. एकट्या पुस्तकाने मला यातली एकच सांगितली असती.

हे मी संध्याकाळच्या फिरण्यातल्या मित्रांना सांगितलं तेव्हा एक जण चांगलेच तापले. म्हणाले, "गुरुजी, कशाला उकरता जुनं? आधीच वातावरण कसं आहे बघताय. आणि रझाकारांनी काय केलं ते विसरलात का?" त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. त्यांच्याही घरचं माणूस त्या काळात गेलंय. पण माझं उत्तर असं. विसरायचा प्रश्नच नाही, उलट दुप्पट लक्षात ठेवायचं आहे. रझाकारांची निंदा करायला कासीम रझवी पुरे, त्यासाठी विणकराला रझाकार ठरवायची गरज नाही. आणि ज्यांना हा हिंदू-मुसलमानांचा सरळ सामना वाटतो त्यांनी शोएबुल्ला खान हे नाव लक्षात ठेवावं. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू पत्राचे हे तरुण संपादक. संस्थानाने भारतात यावं असं लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा रस्त्यात खून केला गेला. आमच्या लढ्याचा हा हुतात्मा. १७ सप्टेंबरच्या माझ्या तीस भाषणांत त्यांचं नाव एकदाही आलं नाही. एकाच बाजूचं वाचलं की शत्रूबद्दल अज्ञान राहतं असं आपल्याला वाटतं. मला तर माझ्याच बाजूचा एक माणूस माहीत नव्हता!

उकरण्याबद्दल म्हणाल तर, जे पुरलं ते आपोआप नाहीसं होत नाही. आज मोबाइलवर दर सप्टेंबरला अर्धाच इतिहास फिरत येतो, आणि तो भडकवण्यासाठीच असतो. त्याला उत्तर दुसरा अर्धा इतिहास पाठवून देता येत नाही, कारण तिकडचेही अर्धाच पाठवतात. उत्तर एकच, पूर्ण पुस्तक आणि त्याच्याशेजारी दुसरं पूर्ण पुस्तक.

असो. ज्यांना इंग्रजी जमतं त्यांच्यासाठी आणखी एक जोडी. क. मा. मुन्शी हे १९४८ साली भारताचे प्रतिनिधी म्हणून हैदराबादेत होते, त्यांचं 'द एन्ड ऑफ अ‍ॅन इरा'. आणि त्याच वेळी पलीकडच्या खुर्चीवर निजामाचे पंतप्रधान म्हणून बसलेले मीर लायक अली, हे १९५० मध्ये नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात गेले, त्यांचं 'ट्रॅजेडी ऑफ हैदराबाद'. एकाच शहरातले तेच महिने दोघे सांगतात. मी सध्या हीच जोडी वाचतोय, एक दिवस मुन्शी, एक दिवस लायक अली. दोघांवरही अधूनमधून राग येतो. आला की समजायचं, वाचन नीट चाललंय.

सुरुवात कुठून करावी? नातवाला मी हा क्रम दिलाय. आधी रामानंद तीर्थ, मग भालेराव, मग कुरुंदकर, मग पगडी, आणि शेवटी नूरानी. स्वतःच्या बाजूपासून सुरुवात करायला हरकत नाही. पाय रोवायला जमीन लागतेच. फक्त तिथेच मुक्काम करू नका.

आणि नातेवाईक मंडळींना एक विनंती. त्या काळात जाणती असलेली आपल्या घराण्यातली दोन-तीनच माणसं आता उरली आहेत, सगळी नव्वदीच्या आसपासची. या दिवाळीत गावी जाल तेव्हा त्यांच्याजवळ बसा. उमरखेडला कसे गेलो, हे ती आपणहून सांगतील. ते झाल्यावर हळूच विचारा, "आणि परत आल्यावर गावात काय झालं?" जे सांगतील ते लिहून घ्या, वाद घालू नका. पानदानाचं नाव मी इथे लिहीत नाही. आधी घरातल्यांना विचारायचं आहे, ती बाई कोण होती.

वर्गातला तो मुलगा आता पंचावन्नच्या पुढे असेल. त्या गावात मी दोनदा जाऊन आलो. ते घर कधीच विकून कुटुंब हैदराबादेकडे गेलं म्हणाले. पुन्हा चौकशी करणार आहे.

तुम्ही सध्या काय वाचताय, तेही कळवा. जोडीनं कळवा म्हणजे झालं.